मॉरिशस की रियुनियन? पोराला ज्वालामुखी बघायचाय आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात

नाशिकची_चिवडेवाली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच जणं. मी, हे, सासूसासरे आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं ९. चिरंजीवांना गेले वर्षभर ज्वालामुखीचं वेड लागलंय. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मातीचा डोंगर करून त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, माझा सोड्याचा डबा महिन्यात दोनदा रिकामा होतो. तर यंदा परदेशवारी करायची ठरली तेव्हा त्याने जाहीर केलं की ज्वालामुखी असलेल्या बेटावरच जायचं, नाहीतर मी आज्जीकडे थांबतो. (आज्जीपण येतेय हे त्याच्या लक्षात आणून दिलं.)

एका टूरवाल्याने मॉरिशसचं पॅकेज दिलंय, सहा रात्री, सगळ्या पूर्व किनाऱ्यावरच्या एकाच रिसॉर्टमध्ये, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. तो म्हणतो मॉरिशस म्हणजे ज्वालामुखीचंच बेट आहे. मी जरा शोधलं तर तिथला ज्वालामुखी केव्हाच विझलाय असं दिसलं आणि खरा धगधगता तो शेजारच्या रियुनियनवर आहे म्हणे. आता हे पोराला कसं सांगू? आणि रियुनियनला जाणं जमतं का आपल्याला, की ते फार अवघड आहे?

बाकीच्या अडचणी अशा की सासूबाईंना फार पायऱ्या जमत नाहीत, सासरे पूर्ण शाकाहारी आणि त्यांना बुफेत काय कशात आहे ह्याचा कायम संशय, ह्यांना गाडी चालवायला आवडते पण परदेशात चालवलेली नाही. मला स्वतःला फक्त दोन दिवस कोणी 'आई' म्हणून हाक न मारता समुद्राकडे बघत बसायचंय. दिवाळीची सुट्टी बरी की मे महिना? पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं? पैसे भरायची मुदत रविवारपर्यंत आहे असं तो सारखा फोन करून सांगतोय म्हणून जरा घाईत विचारतेय.

एबेनचा_पाहुणा

ताई, पहिली गोष्ट, रविवारची मुदत वगैरे काही नसते, निवांत राहा.

मी चार वर्षं मॉरिशसला होतो, ऑफिस एबेनला आणि राहायला कात्र बोर्नमध्ये, त्यामुळे टुरिस्टसारखं कमी आणि भाजी आणायला जाणाऱ्यासारखं जास्त बघितलंय. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तेच तेच सांगायचो ते इथे लिहितो.

मे आणि दिवाळीत मी दिवाळी घेईन. तिथले ऋतू आपल्या उलटे, मे महिन्यात त्यांची थंडी सुरू होते आणि साधारण जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जो वारा सुटतो तो पूर्वेला आणि दक्षिणेला चांगलाच झोडपतो. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात कोरडा महिना, नोव्हेंबरात पाणी छान कोमट व्हायला लागतं आणि रस्त्याकडेचे गुलमोहर फुलायला लागतात. दिवाळीत गुलमोहर बघून डोकं जरा गरगरतं पण छान वाटतं. वादळांचा सीझन कागदोपत्री नोव्हेंबरपासून धरतात, खरा त्रास मात्र जानेवारी ते मार्च. आणि दिवाळीची तिथे सरकारी सुट्टी असते, घरोघरी पणत्या लावतात, म्हणजे सासूबाईंना सण बुडाला असं वाटणार नाही.

आता मुक्काम. अख्खं बेट गोव्याच्या निम्मं आहे, लांबी जेमतेम ६५ किलोमीटर, त्यामुळे एकाच ठिकाणी राहून सगळं होतं, पण ते ठिकाण पूर्वेला नको. पूर्वेचे बीच सुंदरच आहेत, बेल मारची वाळू मैदा चाळून ठेवल्यासारखी आहे, पण तुम्हाला जे बघायचंय ते सगळं पश्चिमेला आणि नैऋत्येला, रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला, त्यात पोराचं 'अजून किती लांब'. त्यापेक्षा फ्लिक आँ फ्लाकला राहा. एअरपोर्टहून तासाभराचं अंतर, हॉटेलं आहेत आणि किचन असलेले अपार्टमेंटपण मिळतात, खाली सुपरमार्केट, संध्याकाळी सूर्य समोर समुद्रात बुडतो. किचनवालं अपार्टमेंट घेतलंत की सासऱ्यांच्या संशयाचा प्रश्न मिटला, तूरडाळ, पीठ, मसाले सगळं मिळतं. तुमचं दोन दिवस बसायचं तेही तिथेच होईल.

गाडी खुशाल चालवू देत, आपल्यासारखंच डावीकडून आहे, फक्त सर्कल फार आणि स्पीड कॅमेरे त्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. अंधार पडल्यावर आतल्या गावांमधून सगळं सामसूम होतं, बसगाड्यापण लवकर बंद होतात, तेव्हा परतीचं गणित संध्याकाळच्या आतलं ठेवा.

शामारेल एक दिवस. सकाळी लवकर जा, कारण सात रंगांची माती उन्हाच्या तिरक्या प्रकाशात दिसते तशी दुपारी दिसत नाही, आणि दुपारी बसा भरून लोक येतात. आधीच सांगतो, ती जागा जेमतेम दोन एकर आहे, फोटो बघून वाळवंटाची अपेक्षा करून जाल तर 'एवढंच?' होईल. लाकडी कठड्याच्या बाहेरून बघायचं, आत पाय टाकायचा नाही. वाटेत धबधबा लागतो, साधारण १०० मीटर उंच, तो गाडीतून उतरून चार पावलांवर दिसतो. तिथेच मोठाली कासवं आहेत, चिरंजीव तिथे तासभर हलणार नाही.

गंगा तलाव एक सकाळ. हा तलावच मुळी ज्वालामुखीच्या तोंडात साठलेल्या पाण्याचा आहे, पोराला हे आधी सांगून ठेवा. काठावर देवळं, आणि रस्त्यालाच ३३ मीटरची शंकराची उभी मूर्ती. गाडी अगदी जवळ जाते त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. वर गारठा असतो, शाल घ्या, आणि हातातलं केळं वगैरे लपवा, माकडं आहेत आणि ती आपल्या सप्तशृंगीच्या माकडांची सख्खी भावंडं आहेत.

तिथून क्युरपीपला त्रू ओ सेर. हे खरंखुरं विवर. डोंगराच्या माथ्यावर गाडीने जाता येतं, कठड्यापाशी उभं राहिलं की खाली गोल खड्डा, सुमारे ३०० मीटर रुंद आणि ८०-एक मीटर खोल, आत पूर्ण झाडी आणि तळाशी थोडं पाणी. धूर नाही, आग नाही. क्युरपीपचे लोक सकाळी त्याच्याभोवती चालायला येतात, म्हणजे आपल्याकडे जॉगिंग ट्रॅक असतो तसा त्यांचा ज्वालामुखी आहे.

खाण्याचं सांगायचं तर रस्त्यावरची ढोल पुरी. नाव ऐकून पुरी समजू नका, पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेला तर जे होईल ते. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून वाटून हळदीबरोबर आत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की पलीकडचा हात दिसावा. दोनची जोडी एकावर एक ठेवून त्यात वालासारख्या शेंगदाण्यांची, चुकलो, बियांची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात देतो, उभ्याउभ्या खायची, रस्सा कोपरापर्यंत येतो. पूर्ण शाकाहारी असते. शेजारी डाळवडे मिळतात त्याला गातो पिमाँ म्हणतात, आणि आलुदा म्हणजे आपला फालुदा. सासरे खूश होतील.

पाण्यात उतरताना सगळ्यांनी रबरी बूट घाला, कोरलमध्ये समुद्री साळू (काट्यांचे गोळे, सी अर्चिन) असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासापण असतो. पोराला पहिल्याच दिवशी घेऊन द्या.

दमलेला_नवरा

एबेनच्या पाहुण्यांना +१, आम्ही असंच एक पॅकेज घेऊन पस्तावलेलो. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. रिसॉर्ट झकास होतं, नाही म्हणत नाही, पण रोज सकाळी बस सगळ्या हॉटेलांवरून माणसं गोळा करत फिरायची आणि मधे एका दिवशी आम्हाला दीड तास एका दुकानात सोडलं जिथे जहाजांची मॉडेलं विकायला होती. बायको अजून म्हणते की आपण मॉरिशसला जहाज बघायला गेलो होतो.

आणि ते समुद्राखालचा धबधबा म्हणून फोटो फिरतात ना व्हॉट्सॅपवर, ले मोर्नच्या डोंगराजवळचे, तो धबधबा नाहीच. वाळू उतारावरून खोल पाण्याकडे सरकते त्याचा वरून तसा भास होतो. हेलिकॉप्टर किंवा सीप्लेनमधूनच दिसतं आणि ते प्रकरण भयंकर महाग. आम्ही बोटीतून जाऊन अर्धा तास पाण्यात वाकून बघत होतो, बोटवाला काही बोलला नाही, हसत होता फक्त.

काळा_कातळ

हा धागा मला उशिरा दिसला. ताई, तुमच्या मुलाला 'मॉरिशसचा ज्वालामुखी विझलेला आहे' एवढंच सांगू नका, खरी गोष्ट ह्याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे आणि ती तुमच्या नाशिकपासून सुरू होते.

ब्रह्मगिरी, अंजनेरी, अख्खा सह्याद्री हा लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालाय हे त्याला माहीत असेलच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा भारत आत्ताच्या जागी नव्हता, बराच खाली दक्षिणेला होता, आणि पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका तप्त जागेवरून सरकत होता. भूगर्भवाले त्याला हॉटस्पॉट म्हणतात. आणि ह्या हॉटस्पॉटचं नाव काय, तर रियुनियन हॉटस्पॉट! आज जो रियुनियनवर धगधगतोय तोच. शिवणयंत्रात कशी सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड पुढे सरकतं, तसं वरचं कवच सरकत गेलं आणि खालून टाके पडत गेले. पहिला टाका दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवच्या खालची रांग, मग चागोस, मग ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस आणि सगळ्यात ताजा रियुनियन, जो समुद्राबाहेर येऊन २०-३० लाखच वर्षं झालीत. (कोणी जाणकार टोकेल म्हणून सांगतो, मधे समुद्राच्या तळाची फट ह्या हॉटस्पॉटवरून सरकली त्यामुळे मॉरिशस आणि रियुनियन आफ्रिकेच्या प्लेटवर (म्हणजे कवचाच्या तुकड्यावर) आहेत, भारताच्या नाही. कापड बदललं, सुई तीच.)

म्हणजे नाशिकहून मॉरिशसला जाणं हे एका अर्थी भावकीत जाणं आहे. आणि ते डोळ्यांनी दिसतंही. मी पहिल्यांदा पोर्ट लुईच्या मागचे डोंगर बघितले, अंगठ्यासारखा सुळका असलेला ल पूस आणि टोकावर धोंडा तोलून धरलेला पिटर बोथ, तेव्हा मला माळशेज उतरल्यासारखंच वाटलं, फक्त खाली भाताऐवजी ऊस. आणि त्या उसाच्या शेतांमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले दिसतील, पिरॅमिडसारखे. जमीन साफ करताना मजुरांनी हातांनी उचलून रचलेला लाव्हा आहे तो. गाडीतून जाताना पोराला दाखवा, कुठल्याही तिकिटाशिवाय दिसतो.

दक्षिणेला सुयाकजवळ रॉचेस्टर धबधबा आहे, फार उंच नाही पण त्याचे खडक उभ्या खांबांसारखे तुटलेले आहेत. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो आणि असे कोनाकोनांचे खांब पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर तोच प्रकार. आणि तिथून जवळ ग्री ग्री, जिथे किनाऱ्याभोवतीचं कोरलचं कडं तुटलंय त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. पोहायचं अजिबात नाही तिथे, बघायचं फक्त.

शामारेलच्या रंगीत मातीचंही तसंच. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, कुजत कुजत गेला, पाण्याने विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि मागे लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, लाल, तपकिरी, जांभळट. आपला कोकणातला जांभा, पाचगणीच्या टेबललँडवरचा लाल कातळ, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. मॉरिशसवाल्यांनी त्याला तिकीट लावलं, आपण त्याची कुंपणं बांधली.

नाशिकची_चिवडेवाली

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काळा कातळ दादा, तुमचा प्रतिसाद मी चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवला. शिवणयंत्राचं ऐकून तो उठला आणि आज्जीच्या मशीनखाली कागद घालून भोकं पाडत बसला, पहिल्या भोकाला नाशिक असं नाव दिलंय. मग म्हणाला, म्हणजे सुई अजून चालूय ना, मग शेवटचा टाका बघायचा, मॉरिशस जुना टाका आहे. झालं का आता?

तर रियुनियनचं कोणी सांगेल का? मॉरिशसला व्हिसा आधी काढावा लागत नाही हे बघितलं, तिथेही तसंच आहे का? दोन दिवस जाऊन येण्यासारखं आहे का, सासूसासऱ्यांना मॉरिशसलाच ठेवून?

धुक्यातली_वाट

मी जाऊन आलेय, २०१९ मधे, आम्ही चौघी मैत्रिणी, ट्रेकसाठी. चांगलं आणि वाईट दोन्ही सांगते.

आधी व्हिसा. रियुनियन म्हणजे फ्रान्सच, युरो चालतात, गाड्या उजवीकडून, पण ते शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) येत नाही, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा असला तरी तो तिथे आपोआप चालत नाही. अर्जात तसं स्पष्ट लिहून वेगळा घ्यावा लागतो, नियम बदलत असतात तेव्हा तिकीट काढायच्या आधी व्हिसा सेंटरकडून नक्की करून घ्या. मॉरिशसला विमानतळावर शिक्का मिळतो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवा, ऑनलाइन फॉर्म आधी भरा, एवढंच. दोन्ही बेटांमधे विमान पाऊण तासाचं, चहा देईपर्यंत उतरायची वेळ होते.

आता ज्वालामुखी. पितों द ला फुर्नेज, उंची २६३२ मीटर, जगातल्या सगळ्यात जास्त वेळा फुटणाऱ्यांपैकी एक. पण जास्त वेळा म्हणजे तुम्ही जाल तेव्हा असं नाही. कधी वर्षात दोनतीनदा फुटतो, कधी वर्षानुवर्षं गप्प. पोराला लाव्हा बघायला नेतेय असं वचन देऊ नका, घोर फसवणूक होईल. आणि फुटतो तेव्हा उलट आत जायचा दरवाजा बंद करतात, लांबून एखाद्या ठरवलेल्या जागेवरून रात्री लाल रेघ दिसते.

आम्हाला काही फुटलेलं दिसलं नाही, तरी मी ती सकाळ विसरणार नाही. पहाटे चारला निघालो कारण नऊ-दहानंतर ढग वर येतात आणि मग समोरचं माणूस दिसत नाही. वर जाताना एक पठार लागतं, प्लेन दे साब्ल, त्यात गाडी शिरली आणि आम्ही चौघी एकदम गप्प झालो. झाड नाही, गवत नाही, नुसती लालकाळी खडी लांबपर्यंत आणि मधून कच्चा रस्ता, गाडी खडखडतेय आणि काचेवर दव गोठल्यासारखं. पुढे पा द बेलकोंब, तिथपर्यंत गाडी जाते, आणि कठड्यावरून खाली बघितलं की अख्खी दरी काळी, त्यात मधोमध मुख्य डोंगर आणि पायथ्याशी एक छोटासा तांबूस शंकू, फोर्मिका लिओ, वारुळाएवढा वाटतो. खाली उतरायला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, उतरून त्या छोट्या शंकूपर्यंत जाऊन यायला ९ वर्षांच्या मुलाला काही कठीण नाही. माथ्यापर्यंतचा ट्रेक मात्र अख्खा दिवस खातो, लहान मुलाला घेऊन करू नका. आणि थंडी! बेटावर जातोय म्हणून मी हाफ पँट घातली होती. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तो फोटो दरवर्षी कोणीतरी वर काढतं.

दुसरी जागा खाली पूर्व किनाऱ्याला, लाव्ह्याचा रस्ता म्हणतात त्याला. हायवे थेट जुन्या लाव्ह्याच्या ओघांमधून जातो आणि प्रत्येक ओघाला पाटी लावलीय, ह्या वर्षीचा, त्या वर्षीचा. जुन्यावर झाडं उगवलीत, त्यापेक्षा नव्यावर नुसते नेचे, आणि २००७ चा ओघ अजून काळाकुट्ट, त्यावर राखाडी शेवाळासारखं काहीतरी धरायला लागलेलं. त्या वर्षी एप्रिलमधे एवढा लाव्हा बाहेर पडला की रस्ता पुरला गेला, लाव्हा समुद्रात पोचला आणि वरच्या मुख्य विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खाली कोसळला. जवळच सँत रोझला एक चर्च आहे, १९७७ मधे लाव्हा त्याच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेला. दारासमोर अजून तो थिजलेला आहे, हात लावता येतो. नुसता हात लावायला जरी मुलाला नेलंत तरी पैसे वसूल, माझं मत. वर बुर म्युरात गावात ज्वालामुखीचं म्युझियम आहे, पावसात अडकलात तर तिथे अर्धा दिवस जातो.

वाईट म्हणजे, समुद्र मॉरिशससारखा नाही. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून लगून (कोरलच्या कड्याआतलं उथळ पाणी) आणि देखरेखीतली जागा सोडून पोहायला बंदी आहे. शाकाहाराचे हाल. आम्ही दोन दिवस पाव, चीज आणि तिथलं लोणचं, त्याला अशार म्हणतात, ह्यावर काढले. इंग्रजी फार कोणी बोलत नाही. आणि पाऊस, अहो ताम्हिणीवाल्यांनी कान पकडावेत. १९६६ मधे तिथे फॉक-फॉक नावाच्या जागी २४ तासांत १८२५ मिलिमीटर पडला होता, जगातला विक्रम आहे तो. नोव्हेंबर बरा असतो, तरी रेनकोट घ्या.

दोन दिवसात धावपळ होईल, तीन रात्री ठेवा. सासूसासरे मागे ठेवायचे का ते तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

एबेनचा_पाहुणा

सासूसासऱ्यांना मॉरिशसला ठेवण्यात काही धोका नाही, उलट मजेत राहतील. अपार्टमेंटच्या खाली बीच, जवळच्या गावात देऊळ, आणि भाषेचं म्हणाल तर वयस्कर माणसांना हिंदी कळतं, भोजपुरी बऱ्याच घरांत आहे. गाडी ड्रायव्हरसकट दोन दिवस ठरवून द्या.

आणि एक सांगायचं राहिलं. फ्लिक आँ फ्लाकच्या जवळच कास्काव्हेल म्हणून गाव आहे, तिथे मराठी वस्ती बरीच. मॉलच्या नावाने लोक ओळखतात पण गाव जुनं आहे. ऊस तोडायला १८३४ पासून जे मजूर नेले त्यात रत्नागिरी, साताऱ्याकडचे आपले लोकही होते, त्यांचीच ही पणतवंडं-खापरपणतवंडं. मराठी बोलणारे आता थोडेच, घरात क्रिओल (तिथली फ्रेंचमधून आलेली बोली), पण शाळेत मराठी विषय आहे, आरत्या पाठ, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. मी पहिल्या वर्षी ऑफिसात रजा मागायला गेलो तर मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला अरे सुट्टीच आहे. त्या दिवशी एका सहकाऱ्याने घरी नेलं. त्याच्या आजीने मला विचारलं 'जेवला का', मराठीतून, आणि पुढचं सगळं क्रिओलमधून. मग गावातल्या लोकांनी झाकरी केली, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, गोल धरून पायांचा ठेका, शब्द मलाही नीट कळले नाहीत आणि गाणाऱ्यांनाही सगळे कळत होते असं नाही, पण ठेका तोच होता. विसर्जन समुद्रात, गुडघाभर निळ्या पाण्यात. मुंबईचं पाणी आठवून जरा वाईट वाटलं.

सासऱ्यांना पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जरूर पाठवा. १८४९ मधे बांधलेला धक्का, बोटीतून उतरलेल्या मजुरांची तिथे नोंद व्हायची. १६ दगडी पायऱ्या उरल्यात, त्याच काळ्या बेसाल्टच्या. जवळपास पाच लाख माणसं मॉरिशसला अशी आली. जागा लहान आहे, एका तासात होते, सावली आहे, बसायला बाकं आहेत. दिवाळीच्या आसपास जाणार असाल तर २ नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते, १८३४ मधे त्या दिवशी मजुरांची बोट आली म्हणून.

आणि पाँपलमूसची बाग. सपाट रस्ते, मोठी झाडं, तळ्यात परातीएवढी, चुकलो, लग्नातल्या जिलेबीच्या कढईएवढी कमळपानं काठ वळवून तरंगत असतात. सासूबाईंना ह्यापेक्षा जास्त काही आवडणार नाही, लिहून देतो.

दमलेला_नवरा

पाहुणे, यूपीआय चालतं का तिथे?

एबेनचा_पाहुणा

२०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालंय, पण ढोल पुरीवाल्यासमोर मोबाइल धरून उभे राहू नका, रोख ठेवा. तिथलाही रुपयाच, पण तो आपल्यापेक्षा महाग आहे हे किमती वाचताना लक्षात असू द्या, माझी आई पहिला आठवडा सगळं स्वस्त स्वस्त म्हणत होती.

नाशिकची_चिवडेवाली

टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला मॅडम, दर वाढतील, मी म्हटलं वाढू देत.

ठरलंय असं की दिवाळीत जायचं, एकूण दहा रात्री. पहिल्या सात फ्लिक आँ फ्लाकला सगळे एकत्र, मग मी, हे आणि चिरंजीव तीन रात्री रियुनियन, व्हिसा मिळाला तर. सासूसासरे मागे राहतील. सासूबाईंना हे सांगायला मी घाबरत होते तर त्याच म्हणाल्या की बरं झालं, तेवढंच शांत. मिळाला नाही तर दहाच्या दहा मॉरिशस, आणि मग पोराला चर्चच्या दाराचे फोटो दाखवून समजूत काढावी लागेल, त्याची तयारी आत्तापासून करतेय. ह्यांनी आंतरराष्ट्रीय परवान्याचा फॉर्म आणलाय, उजवीकडून चालवायचं कळल्यापासून जरा गप्प आहेत.

चिरंजीव अंजनेरीच्या पायथ्यावरून एक काळा दगड घेऊन आलाय, तिकडच्या दगडाशेजारी ठेवून बघायचाय म्हणे. मी म्हटलं सामानाचं वजन भरेल. तर म्हणतो, चिवड्याचे डबे कमी ने.

काळा कातळ दादा, असा दगड विमानात नेऊ देतात का हो?

काळा_कातळ

मुठीत मावेल एवढाच घ्या, माती धुऊन, आणि चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या नको. कस्टमवाल्याने विचारलं तर सरळ सांगा काय आहे ते. तिकडचा मात्र उचलून आणू नका, बघून फोटो काढून तिथेच ठेवायचा. शंखशिंपले आणि कोरलचंही तसंच, त्याला तर बंदीच आहे.

आणि दोन्ही दगड शेजारी ठेवून काढलेला फोटो इथे टाका.